चाचांना दिलेलं कातडी पुस्तक

कुणाला काही द्यायचं म्हटलं की माझ्या अंगात येतं. साधंसुधं काही चालत नाही मला. समोरच्याचे डोळे विस्फारले पाहिजेत, चार माणसांत नाव निघालं पाहिजे. आई म्हणायची, "तुझं देणं म्हणजे वाजतगाजत वरात." तेव्हा राग यायचा. आता वाटतं, आई उगाच बोलत नव्हती.

मस्कतला आमच्या खालच्या मजल्यावर रत्नागिरीकडचं एक कोकणी मुसलमान जोडपं राहतं. चाचा आणि चाची. चाचांचं रुवीत शिंप्याचं दुकान आहे, पडदे आणि सोफ्याची कव्हरं ही त्यांची खासियत. मी रुसैलच्या एका कारखान्यात क्वालिटी बघते. नवरा दुक्मला प्रकल्पावर, महिन्यातून एकदा तोंड दाखवतो. त्यामुळे लेक पहिलीत गेल्यापासून शाळेच्या बसमधून उतरली की थेट चाचीकडे. तिचं जेवण तिथं, अभ्यास तिथं, ताप आला तर कपाळावरच्या घड्याही तिथंच. आमची भाषा धड न बोलणारी ही पोर चाचीशी मात्र कोकणी हेल काढून भांडते. एकदा मी मोठ्या शहाणपणानं पाकीट पुढं केलं. चाचीनं माझ्याकडे असं बघितलं की पाकीट मुकाट्यानं परत पर्समध्ये गेलं.

मग पैसे नाही तर नाही, वस्तू देऊ, असं माझ्या डोक्यानं घेतलं.

चाचांना वाचायचा नाद. शाळा मॅट्रिकपर्यंतच झालेली, पण इंग्रजी पुस्तक डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचतात. त्यातही लढायांची. परदेशी गिऱ्हाइकं देश सोडून जाताना जुनी पुस्तकं दुकानात टाकून जातात, ती सगळी चाचांच्या घरी. पानं सुटलेली, कव्हर नसलेली. मला ती बघून कसंतरी व्हायचं. वाटायचं, या माणसाच्या हातात एकदा तरी राजासारखं पुस्तक पडलं पाहिजे.

ते मिळालं मदिनत सुलतान काबूस या परदेशी लोकांच्या वस्तीत. तिथं एका परदेशी बाईनं घरातलं सामान विकायला काढलं होतं. नवरा निवृत्त झाला, काही महिन्यांत कायमचं जायचं, म्हणून थोडं थोडं करून काढत होती. मी गेले होते लेकीसाठी टेबल बघायला. कपाटात हे पुस्तक दिसलं. मधाच्या रंगाचं कातडं, पाठीवर सोनेरी अक्षरं, जाडजूड शिवण. एका सेनाधिकाऱ्याचं चरित्र होतं. जन्मला एका देशात, आणि लढायला गेला दुसऱ्याच लोकांच्या क्रांतियुद्धात. बाई म्हणाली, अशा प्रती फार थोड्या काढलेल्या, संग्राहक शोधत फिरतात. बस्स. "संग्राहक" ऐकलं आणि माझी वरात निघाली. टेबल राहिलं तिथंच.

शुक्रवारी जेवणं झाल्यावर मी ते चाचांपुढं ठेवलं. वर ऐकवलंही, "साधं नाही हं चाचा, लोक यासाठी वाट्टेल ते मोजतात." चाचांनी हात धुतले, पुसले, आणि मग पुस्तक घेतलं. उघडलं नाही आधी. पाठीवरून अंगठा फिरवला, शिवण बघितली. "ही शिलाई बघ गो," म्हणाले, "मशीनची नाय. माणसाच्या हाताची हाय." डोळ्यांत पाणी आलं होतं म्हाताऱ्याच्या. चाची म्हणाली, "झालं! आता जेवायला हाका मारून माझा घसा बसायचा." कुराणशरीफ ठेवतात त्या फळीच्या खालची फळी चाचांनी रिकामी केली आणि तिथं ते एकटं पुस्तक ठेवलं. मला काय सांगू, धन्य धन्य वाटलं.

पुढचे दोन-अडीच महिने आमच्या बिल्डिंगमध्ये तो अधिकारी राहायला आल्यासारखाच होता. संध्याकाळी मी लेकीला घ्यायला उतरले की चाचा चहा पुढं करून सुरू. "आज तुझा साहेब नदीपार झाला." "आज साहेबाचा घोडा मेला, जेवण गेलं नाय मना." तो अधिकारी नव्या मुलखात पोचला तेव्हा त्याला तिथली भाषा येत नव्हती, आधी शिव्याच शिकला, हे सांगताना चाचा पोट धरून हसले. "मीपण इथं तेच केलं! दुकानाच्या मालकानं, अर्बाबानं, पहिल्या दिवशी मला काय शिकवलं असेल?" चाचीनं लेकीचे कान झाकले. मी त्या पुस्तकाचं एक पानही वाचलेलं नाही. सगळं चाचांच्या तोंडूनच ऐकलं, आणि मला वाटतं ते जास्त चांगलं होतं.

एकदा मात्र गंभीरपणे म्हणाले, "एक गोष्ट मना बघायचीय. जन्म तिकडं, लढला इकडं. मेला तेव्हा माती कुठली मिळाली त्याला?" मी म्हटलं, शेवटचं पान काढून बघा की. "नाय, नाय. त्याच्याबरोबर चालत चालत जायचं तिथपर्यंत." चाचा-चाचींचं तेव्हा घरात हेच चाललेलं. मुलगे म्हणत होते, दुकान खलास करा आणि रत्नागिरीला या. चाचांचा पाय निघत नव्हता. म्हणून तो प्रश्न, हे मला कळत होतं.

आणि मग मी चाचांचा एक फोटो दाखवला. आमच्या कारखान्यात एक परदेशी सल्लागार यायचा, त्याला जुन्या पुस्तकांचं वेड. कँटीनमध्ये विषय निघाला आणि माझी फुशारकी उसळली. फोन काढला. चाचा पुस्तक छातीशी धरून हसताहेत, असा फोटो. त्यानं बोटांनी मोठा केला, चाचांचा चेहरा बाजूला सारून कव्हरवर गेला. म्हणाला, वा, अस्सल डुकराचं कातडं! ही तीन-तीन टिंबं दिसतात ना, केसांची भोकं, ती फक्त डुकराच्या कातड्यावर असतात. शतकभर हलत नाही हे.

मी फोन परत घेतला आणि डबा झाकला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, त्यानं कौतुकच केलं होतं.

घरी येताना गाडीत मला एकेक आठवत गेलं. चाचा नमाजाआधी हातपाय धुऊन, वजू करून यायचे, हात अर्धवट ओले, आणि नमाजाला वेळ असला की सरळ पुस्तक घ्यायचे. झोपताना उशाशी ठेवायचे. त्या फळीच्या वरच्या फळीवर काय होतं तेही आठवलं. सिग्नल हिरवा होऊन मागचे हॉर्न मारायला लागले तरी मी तशीच. काय करून बसले मी हे! आयुष्यभर ज्याला शिवला नाही माणूस, ते मी वाजतगाजत त्याच्या हातात दिलं.

लगेच खाली जाऊन सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम. "चाचा, चुकलं, मला माहीत नव्हतं." नाही सांगितलं.

का नाही, तर आमच्या घराला या गोष्टीचा जुना डंख आहे. आम्ही बौद्ध. माझ्या आज्यानं तरुणपणी मेलेली ढोरं ओढायचं गावकीचं काम टाकलं, त्यासाठी मार खाल्ला, गाव सोडलं. विटाळ हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नाही. टीव्हीवरच्या मालिकेत आला तरी बाप चॅनेल बदलायचा. कुणाच्या हाताला काय चालतं आणि काय बाटतं, असल्या गोष्टींवर मी कॉलेजात भांडणं केलीत. आणि आता मीच चाचांपुढं उभी राहून म्हणणार, माझ्या हातच्या वस्तूनं तुमचे हात बाटले? जीभच उचलेना. मी स्वतःला समजावलं ते असं, की चाचांचं मन दुखू नये म्हणून गप्प आहे. खरं म्हणजे त्यांच्या डोळ्यांत माझ्या वस्तूबद्दल किळस बघायची माझी तयारी नव्हती.

मग खोटं. तेही चांगलं शिजवलेलं. दोन दिवसांनी खाली गेले आणि म्हटलं, "चाचा, घोळ झालाय. त्या बाईनं चुकून विकलं हो. तिच्या सासऱ्यांचं होतं, नवरा चिडलाय, परत मागतेय."

चाचा उठले. पुस्तकात खूण म्हणून घातलेला पडद्याच्या कापडाचा तुकडा काढला, पुस्तक मलमलीत गुंडाळलं, आणि माझ्या हातात दिलं. "बापाची चीज. दिलीच पायजे. तिला सांग, कुठं डाग पडू दिला नाय." चाची म्हणाली, "थोडंच राहिलेलं गो, चार दिवस थांबेल का विचार ना." मी म्हटलं, "नाही हो चाची, घाईत आहे ती." अशी सहज बोलले, की माझं मलाच नवल वाटलं.

पुस्तक गाडीच्या डिकीत पडून राहिलं. बाईकडे न्यायचं तर काय सांगून? घरी ठेवलं तर लेक खाली जाऊन बोलणार. विकायला मन होईना. शेवटी एका सकाळी कामावर जाताना बलदियाच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, कचऱ्याच्या डब्याशी गाडी थांबवली आणि मलमलीसकट टाकून दिलं. म्हटलं, खलास. चाचांचा विश्वास शाबूत, कुणाचं काही बिघडलं नाही. आणि रोज संध्याकाळी त्यांच्या हातचा चहा पीत राहिले. चाचा आता गोष्ट सांगत नव्हते. चहाबरोबर हवापाण्याचं बोलायचे.

पाप्याचं पितर म्हणतात तशी वाळत चालले होते मी. नवरा आला तर म्हणाला, डाएट करतेस का? काय सांगणार त्याला, कपाळ!

पंधरा-वीस दिवसांनी त्या परदेशी बाईचा मेसेज आला. तुमचे काका आले होते, मला काही कळलं नाही, म्हणून. झालं होतं असं. चाचा मदिनत सुलतान काबूसला कुणाचे पडदे लावायला गेलेले. पुस्तक घेतलं तेव्हा आभार म्हणून चाचांनी त्या बाईसाठी उशांचे अभ्रे शिवून दिले होते. ते पोचवायला माझ्याबरोबर आले होते, त्यामुळे घर ठाऊक होतं. तिच्या दारात जाऊन म्हणाले, मी पुस्तक नेणार नाही, तुमच्या व्हरांड्यात बसून राहिलेली पानं वाचू द्याल का? बाई म्हणाली, कुठलं पुस्तक? ते तर मी विकलं, परत कधी मागितलंच नाही.

मेसेज मी तीनदा वाचला. त्या व्हरांड्यात, टोपी हातात घेऊन उभे असलेले चाचा डोळ्यांसमोरून हलेनात.

चाचा मला एका शब्दानं बोलले नाहीत. लेकीचे लाड तसेच, चहा तसाच. फक्त मी आले की उठून आतल्या खोलीत जायचे. मीही बोलले नाही. म्हटलं, जे वाटायचं ते वाटू दे. खरं सांगितलं तर त्यांना जास्त लागेल. किती उदार, नाही का मी!

मग एक दिवस चाची जिन्यात गाठून हळूच म्हणाली, "बाय, पैशाची नड होती तर आमाला सांगायचंस. पुस्तक विकायला लागलं तर विकायचं, त्यात काय. पण ह्यांच्याशी खोटं नको होतंस बोलायला."

विकलं! म्हणजे त्यांना वाटत होतं मी दिलेली भेट काढून घेऊन विकली. लोक वाट्टेल ते मोजतात, हे मीच ऐकवलेलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि बघा, इतके दिवस चाचांचं मन जपायला म्हणून जे ओठांच्या आत दाबून धरलं होतं, ते माझ्या नावाला बट्टा लागतोय म्हटल्यावर त्याच मिनिटाला बाहेर पडलं. चाचीला ओलांडून मी घरात घुसले. चाचा गॅलरीत बसले होते. धाडकन सांगून टाकलं. "मी विकलं नाही चाचा. ते डुकराचं कातडं होतं. मला माहीत नव्हतं. कळलं तेव्हा तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून काढून नेलं."

मागं चाचीनं तोंडावर हात नेला. चाचांनी आपले तळहात उलटे करून बघितले, परत सुलटे केले.

"कधी कळलं तुला?"

"नेलं त्याच्या आधी दोन दिवस."

"आणि तेव्हापास्नं मी त्याच हातांनी नमाज पढतोय. तुला ठाऊक होतं, मना नाय."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. खरंच सांगते, एकदाही आलं नव्हतं. मी माझ्या भेटीचा विचार केला, माझ्या जिभेचा, माझ्या आज्याचा, माझ्या नावाचा. त्यांच्या नमाजाचा नाही.

"आमच्यात त्याला रीत हाय," चाचा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "ओल्या हाताला लागलं तर सात पाणी, त्यातलं एक मातीचं. पोराटोरांना ठाऊक असतं. सांगितलं असतंस तर मी हात धुतले असते, फळी धुतली असती, आणि पुस्तकाला जाड कापडाची खोळ शिवली असती. शिंपी हाय ना मी? शेवटपर्यंत वाचलं असतं."

मी खाली, त्यांच्या पायाशी बसले.

"कुठं हाय आता?"

"टाकलं," मी म्हटलं. "बलदियाच्या डब्यात."

चाचा पहिल्यांदा दुखल्यासारखे दिसले. डुकराचं ऐकून झाला नव्हता तसा चेहरा झाला. "अजून वाटेतच होता गो साहेब," म्हणाले.

"मी दुसरं आणते चाचा, साधं, कागदी कव्हरचं. नाहीतर फोनवर आत्ता बघून सांगते, साहेबाला कुठं पुरलं ते."

"नको. राहू दे."

ते उठले. गॅलरीत चाचीची कढीपत्त्याची कुंडी आहे, तिच्यातली मूठभर माती घेतली आणि मोरीशी जाऊन बसले. चाची पाण्याचा जग भरून घेऊन आली. तिच्या हातातून मी तो जवळजवळ हिसकावलाच. "मी ओतते." वाटलं, नको म्हणतील. चाचांनी नुसते हात पुढं केले.

मी पाणी ओतलं. चाचांनी माती चोळली, कोपरापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, नखांत. सुईनं टोचून टोचून खरबरीत झालेली बोटं. गढूळ पाणी मोरीत गेलं. मी पुन्हा ओतलं. पुन्हा. माझं नाक वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. दर ओतण्याला मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, काहीतरी बोलतील, शिवी तरी देतील. ते खाली बघून मोजत होते. पाणी स्वच्छ यायला लागलं तरी मोजत होते. शेवटचं झालं, तरी मी जग वाकडा करायला गेले. चाचांनी मनगट धरून मला थांबवलं.

"सात झाली," म्हणाले. "माझं झालं, पोरी. आता तुझं तू बघ."